मापवही कोणाच्या हातात?



पत्रिकेवर विषय 'महापालिका आणि कंत्राटं' असा छापला आहे. निविदा कशी निघते, बयाणा रक्कम कशाला घेतात, स्थायी समितीपुढे प्रस्ताव कसा येतो, हे या सभागृहाला नव्याने सांगायची गरज नाही. मुंबईकर ते रोज सकाळी चहाबरोबर वाचतो. 1888 च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातल्या कंत्राटांच्या कलमांवरूनही मी सरळ पुढे जातो. मला आज एका वहीबद्दल बोलायचं आहे. तिला मापवही म्हणतात, अभियंते नुसतं 'एमबी' म्हणतात. तिच्या पानांना छापील क्रमांक असतात, कारण त्यातलं पान फाडता कामा नये. कनिष्ठ अभियंत्याने जागेवर उभं राहून लांबी, रुंदी, खोली मोजायची आणि तिथेच लिहायची. वरिष्ठाने त्यातल्या काही नोंदी स्वतः पुन्हा मोजून सही करायची. मग त्या पानावरून कंत्राटदाराचं देयक तयार होतं. काम महापालिकेने स्वतः करावं की बाहेर द्यावं, यावर आपण तावातावाने भांडतो. पण शहराचे पैसे वाचतात की बुडतात ते या वहीत ठरतं. काम खुशाल बाहेर द्या, मोजणारा मात्र आपला ठेवा, एवढंच माझं म्हणणं आहे. मोजणंही कंत्राटाने करून घेतलं की शहराच्या हाती फक्त चेकवर सही करायचं काम उरतं.

याला पुरावा काय? 2015 मध्ये महापौरांनीच आयुक्तांना पत्र लिहून रस्त्यांच्या कामांची चौकशी मागितली. चौकशी झाली 34 रस्त्यांची. एप्रिल 2016 मध्ये गुन्हा नोंदवला गेला, कंत्राटदार काळ्या यादीत गेले. पण त्यानंतर अटक झालेल्यांमध्ये कोण होतं, याकडे लक्ष द्या. त्यात त्रयस्थ लेखापरीक्षक कंपन्यांचे कर्मचारी होते. रस्ता नीट झाला की नाही हे सांगण्यासाठीच पालिकेने त्या कंपन्यांना पैसे देऊन नेमलं होतं. म्हणजे कंत्राटदारावर लक्ष ठेवायला दुसरा कंत्राटदार. मग त्या दुसऱ्यावर कोणी लक्ष ठेवायचं? डांबराचा थर एकदा अंथरला की खालची खडी दिसत नाही. पैसे देताना तिथे हजर राहून ज्याने मोजलं त्याच्याच शब्दावर भरवसा असतो, आणि तो शब्दही विकत घेतलेला असेल तर शहर आंधळेपणाने पैसे देतं.

आता नालेसफाई. पाच मिनिटांत आटोपेन असं मी संयोजकांना म्हणालो होतो, पण इथे जरा थांबावंच लागेल. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, आणि तेव्हापासून मिठी नदीचा गाळ हा आपल्या जिवाचा प्रश्न झाला. गाळाचे पैसे बहुधा वजनावर दिले जातात. ट्रक रिकामा वजनकाट्यावर चढवायचा, मग भरून चढवायचा, फरक तो गाळ. ऐकायला सोपं आहे. पण त्या फरकात पाणी किती आणि चिखल किती? वाटेत कोणी बांधकामाचं डेब्रिज त्यावर टाकलं का? ट्रक खरोखर नाल्यावरून आला का, आणि पुढे ठरलेल्या जागीच रिकामा झाला का? रस्त्याचं बरं असतं, वर्षाने शंका आली तरी भोक पाडून आतला गाभा काढून तपासता येतो. नाल्याचा तळ पहिल्या दोन मोठ्या पावसांत पुन्हा भरतो, म्हणजे पुरावा वाहून नेणारा पाऊस दरवर्षी ठरल्या वेळी येतोच. मे 2025 मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मिठीच्या गाळप्रकरणी 13 जणांवर गुन्हा नोंदवला. 65 कोटींहून जास्त नुकसान झालं, गाळ टाकायच्या जागांचे करारच बनावट होते, असे आरोप आहेत. खरंखोटं न्यायालय ठरवेल. मला पद्धतीबद्दल बोलायचं आहे. आता चित्रफिती आल्या, जीपीएस आलं, चित्रफिती तपासायला एआय आलं. हे सगळं ट्रकवर नजर ठेवतं. तळाची पातळी त्याने कळत नाही. नाल्याच्या भिंतीवर पक्की खूण करा, काम सुरू होण्यापूर्वी त्या खुणेपासून तळ किती खाली आहे ते मोजपट्टी धरून मोजा, काम संपल्यावर पुन्हा मोजा. हा फरक खरा गाळ. त्याला पालिकेचा एक माणूस, एक पट्टी आणि दोन सकाळी पुरतात...

(श्रोत्यांतून : "आणि टक्का?" हशा.)

आपण हसलात. मला त्या हसण्याची काळजी वाटते. टक्का असतोच, असं धरून चालल्यामुळेच आपण मापवही उघडून बघत नाही. 'सगळे सारखेच' म्हणणारा नागरिक कंत्राटदाराला हवाच असतो.

तर मूळ मुद्द्याकडे येतो. कोणी म्हणेल, पालिका मोजायचं विसरली आहे असं नाही, तिच्याकडे मनुष्यबळच नाही. हे मला मान्य नाही, आणि त्याचं कारण सफाई कामगारांच्या लढ्यात आहे. कंत्राटी कामगार कायदा 1970 चा. तो 20 किंवा अधिक कामगार असतील तिथे लागू होई, म्हणून कामाचे त्याहून लहान तुकडे पाडले गेले. पुढे मुंबईत कामगारांना 'स्वयंसेवक' आणि त्यांच्या पगाराला 'मानधन' म्हटलं गेलं. कचरा वाहतूक श्रमिक संघ हे प्रकरण लढत राहिला आणि एप्रिल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुमारे 2,700 कामगारांना कायम करण्याचा मार्ग मोकळा झाला. अशा खटल्यात मुख्य प्रश्न असतो : कंत्राट खरं की बनावट? आणि तो सुटतो एका साध्या चौकशीने : कामाची देखरेख कोणाची? इथे ती पालिकेची होती. म्हणजे झाडूवाल्यावर देखरेख ठेवायला शहराकडे माणसं होती, कंत्राटदाराचा रस्ता मोजायला नव्हती. जिथे मोजायचं होतं तिथे हात आखडला आणि जिथे मालक-कामगाराचं नातं मान्य करायचं होतं तिथे तोंड फिरवलं. निकालानंतरही कित्येकांचं कायम होणं अडकलं, कारण यादीतलं नाव आणि कागदावरचं नाव यांच्या स्पेलिंगमध्ये एखाददुसऱ्या अक्षराचा फरक होता. ते अक्षर किती बारकाईने मोजलं गेलं पाहा.

आक्षेप आणखी दोन आहेत आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला खर्चाचा. आस्थापना खर्च 35 टक्क्यांच्या आत ठेवा असं शासन सांगतं, मग नवी पदं भरायची कशी? पण कंत्राटी माणसाचा पैसाही याच तिजोरीतून जातो, फक्त दुसऱ्या लेखाशीर्षाखाली जातो. मर्यादा पाळली गेली ती रकान्यापुरती. अभियंत्याचं एक पद वाचवून त्याच्या वॉर्डातला रस्ता दोनदा करावा लागला, तर ती बचत कोणत्या रकान्यात दाखवणार? दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. 2016 मध्ये पालिकेचे अभियंतेही पकडले गेलेच की! होय, गेले. आपला माणूस प्रामाणिकच निघतो असा माझा दावा नाही. पण त्याची सही वहीत राहते, त्याची खातेनिहाय चौकशी होते, नोकरी आणि निवृत्तिवेतन पणाला लागतं. बाहेरची कंपनी मुदत संपली की निघून जाते. आयआयटी मुंबईसारखी संस्था रस्त्यांच्या काँक्रीटच्या कामावर दर्जा तपासायला नेमली, हे चांगलंच झालं. त्याबरोबर स्लम्प चाचणीचा आग्रह धरला गेला, तो मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. 30 सेंटिमीटर उंचीचा पत्र्याचा शंकू, त्यात थराथराने ओलं काँक्रीट, प्रत्येक थर सळीने 25 वेळा ठोसायचा, शंकू अलगद उचलायचा आणि ढीग किती खचला ते पट्टीने पाहायचं. प्लांटवर एकदा, जागेवर एकदा. वाटेत कोणी पाणी घातलं असेल तर दुसरा ढीग जास्त बसतो. हे कनिष्ठ अभियंत्याला येतं, आणि पाहायला उभ्या राहिलेल्या रहिवाशालाही कळतं.

(अध्यक्षांकडून चिठ्ठी.)

दहा मिनिटं म्हणतात. मग पुण्याच्या 'स्वच्छ' संस्थेवर सविस्तर बोलणं राहील. एवढंच सांगतो की तेही महापालिकेशी केलेल्या करारावरच चालतं, 2008 पासून, आणि तरीही माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जात नाही. कचरावेचकांची ती सहकारी संस्था आहे, दारोदार कचरा गोळा करते आणि घरटी शुल्क घेते. कचरा नेणाऱ्या ताई आज आल्या की नाहीत, हे मोजायला तिथे कोणी लेखापरीक्षक लागत नाही, प्रत्येक घराला ते सकाळीच ठाऊक असतं. मोजणारा आणि भोगणारा एकच असेल तर काम बाहेर दिलं तरी बिघडत नाही.

एक गोष्ट मात्र टाळता येणार नाही. 2020 च्या नव्या कामगार संहितेत मुख्य कामासाठी कंत्राटी कामगार नेमायला मनाई आहे, पण झाडलोट आणि कचरा उचलणं हे मुख्य काम धरायचं नाही, आस्थापना त्याच कामासाठी उभी नसेल तर, असं लिहिलं आहे. आता 1888 च्या अधिनियमाचं कलम 61 पाहा. केरकचरा उचलणं आणि त्याची विल्हेवाट लावणं हे त्यात महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. मग महापालिका कशासाठी उभी आहे? हा प्रश्न न्यायालयात जाईल तेव्हा जाईल, आपण तो आपल्या नगरसेवकाला आजच विचारू शकतो.

आणि वहीबद्दल विचारायला तर कोणाची परवानगीही लागत नाही. माहिती अधिकार कायदा 2005, कलम 2 मधलं (ञ) वाचा. त्यात कामाची पाहणी करण्याचा हक्क आहे, टिपणं घेण्याचा आहे आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही आहे. अर्जाला 10 रुपये लागतात. अर्जात 'रस्त्याच्या कामाची माहिती द्यावी' असं मोघम लिहू नका, उत्तरही मोघम येतं. आपल्या गल्लीचं नाव लिहा, कार्यादेशाची प्रत मागा, त्या कामाच्या मापवहीचा क्रमांक आणि पानं मागा, आणि नोंद कोणत्या तारखेला झाली ते पाहा. त्या तारखेला तिथे कोणी पट्टी धरून उभं होतं का, हे त्या गल्लीतला पानवाला तुम्हाला सांगेल.