तीन विषे, तीन अवयव आणि परिचारिकेची जागरूक नजर



हृदय, फुप्फुसे आणि मूत्रपिंडे यांचे विकार पाठ्यपुस्तकात तीन स्वतंत्र प्रकरणांत येतात. जुन्नर-आंबेगाव तालुक्यांत मात्र ही तिन्ही प्रकरणे एकाच शेताच्या बांधावर उलगडतात. लाल विंचवाचे विष हृदयावर, मण्यारीचे श्वसनावर आणि घोणस सापाचे मूत्रपिंडांवर घाला घालते. कुकडी व घोड नद्यांच्या खोऱ्यांत कालव्याचे पाणी आले, ऊस व भाजीपाला पिकू लागला. पिकामागे उंदीर आणि उंदरांमागे साप, हा निसर्गाचा क्रमच होय. रात्री पिकाला पाणी द्यावयास जाणारा शेतकरी आणि जमिनीवर झोपणारा मजूर यांना हा धोका सर्वाधिक.

प्रथम हृदयाचा विचार करू. लाल विंचवाचे विष मज्जातंतूंना अनावर चेतवते. रक्तात ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रुग्णाला दरदरून घाम फुटतो, वांत्या होतात, हातपाय थंड पडतात. रक्तवाहिन्या आकुंचन पावल्याने रक्तदाब चढतो. या वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकते. मग रक्त मागे तुंबून फुप्फुसांत पाणी भरते व तोंडाला गुलाबी फेस येतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातील खेड्यांत अशा रुग्णांच्या उशाशी बसून हा क्रम टिपला. रक्तवाहिन्या सैल करून हृदयावरील भार हलका करणाऱ्या प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्यांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या जगद्विख्यात वैद्यकीय नियतकालिकातून मांडला. पुढे २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री लाभली. येथे परिचारिकेने एक पथ्य कटाक्षाने पाळावे. औषधाच्या पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकाएकी उतरू शकतो. म्हणून रुग्णास उठू देऊ नये आणि मूल असल्यास आईला ते उभे उचलून घेऊ देऊ नये.

दुसरे प्रकरण श्वसनाचे. मण्यार रात्री चावते, बहुधा झोपेत. दंश फारसा दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते आणि घरचे लोक पित्त झाले म्हणून आल्याचा रस देतात. इकडे विष मज्जातंतूंच्या टोकांवर बसून स्नायूंना जाणारा निरोप तोडीत असते. पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शब्द बोबडे पडतात. शेवटी श्वासपटल थांबते. फुप्फुसे निरोगी असतात, परंतु हा भाता हलविणारा हातच लुळा पडलेला असतो. तंतूंची टोके एकदा बिघडली, की प्रतिसर्पविष ती दुरुस्त करू शकत नाही. ती पुन्हा उगवेपर्यंत कित्येक दिवस कृत्रिम श्वास द्यावा लागतो. असा रुग्ण डोळे उघडत नाही, बोट हलवीत नाही; तथापि त्याला ऐकू येत असते. त्याच्या खाटेपाशी निराशेचा शब्द उच्चारू नये आणि घाईने त्याला मृत समजू नये.

तिसरे प्रकरण मूत्रपिंडांचे. घोणस सापाचे विष रक्त गोठविणारे घटक खर्ची पाडते. सूक्ष्म वाहिन्यांत गुठळ्या होतात आणि अन्यत्र रक्त थांबत नाही. त्यातच रक्तदाब उतरला, की मूत्रपिंडांच्या नलिका उपाशी मरतात. परीक्षा अगदी सोपी आहे. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर ताजे रक्त २० मिनिटे न हलविता ठेवावे. नळी कलती केल्यावर ते पातळच वाहिले, तर विष रक्तात भिनले असे समजावे. पुढे लघवीचा हिशेब ठेवावा. व्यापारी ज्या काटेकोरपणे रोजमेळ लिहितो, तितक्याच काटेकोरपणे पाण्याचा जमाखर्च तासातासाला लिहिला पाहिजे. प्रौढ रुग्णाची लघवी ताशी दर किलो वजनामागे अर्ध्या मिलिलिटरच्या खाली राहू लागली, तर त्याच तासाला डॉक्टरांना कळवावे. वेळीच डायालिसिस मिळाल्यास पुष्कळ रुग्णांची मूत्रपिंडे पुन्हा कार्य करू लागतात.

हे तीन अवयव एकमेकांचे शेजारी नव्हेत, भागीदार आहेत. श्वास थांबला की हृदय थांबते. हृदय थकले की मूत्रपिंडांना रक्त पुरत नाही. मूत्रपिंडे थांबली की रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडते आणि साचलेले पाणी फुप्फुसांत उतरते. म्हणून पहिल्या भागीदाराची तक्रार ऐकणारा कान हवा, आणि तो बहुधा परिचारिकेचाच असतो.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. केंद्र शासनाच्या २०२४ च्या कृती आराखड्यात हे मृत्यू २०३० पर्यंत निम्मे करण्याचे उद्दिष्ट आहे. आपल्याच परिसरात नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत व डॉ. पल्लवी राऊत यांनी उपचारांबरोबरच गावोगावी प्रबोधनाचे व्रत चालविले आहे.

आता समाजबांधवांस दोन शब्द. दंश झाल्यावर साप शोधून मारण्याची मुळीच गरज नाही. भारतातील प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांवर चालते. मेलेला साप दवाखान्यात नेल्याने उपचार बदलत नाही, वेळ मात्र जातो. अहिंसेचा उपदेश आणि वैद्यकशास्त्राचा सल्ला येथे एकच आहे. जखम कापू नये, चोखू नये, घट्ट दोरी आवळू नये. मोडलेल्या हाताप्रमाणे तो अवयव फळीला स्थिर बांधावा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि थेट रुग्णालय गाठावे.

ज्यांच्याकडे शेतमजूर राबतात, त्या प्रत्येकाने त्यांच्यासाठी एक विजेरी, गुडघ्यापर्यंतचे बूट, एक खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी एवढी सोय करावी. या दानाची पावती मिळणार नाही. परंतु एखाद्या पहाटे एका घरातील कर्ता माणूस नेहमीप्रमाणे उठून चुलीपाशी येऊन बसेल, आणि ते पुरेसे आहे.

जय जिनेंद्र!