पाकळीवरचे नाव



गणित शिकविणाऱ्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ योजिलेल्या व्याख्यानास आपण मराठीच्या प्राध्यापकाला पाचारण केले आहे. तेव्हा गणितातील एका शब्दाविषयीच बोलावे, हे बरे. तो शब्द 'गट'. आपल्या सीमाभागात गट म्हटले की पाठोपाठ तट आठवतात. गणितातील हा गट मात्र माणसांचा नसून कृतींचाही असू शकतो.

अंगणात आठ सारख्या पाकळ्यांचे कमळ रांगोळीने रेखिले आहे, अशी कल्पना करा. ते मध्याभोवती ४५ अंशांनी फिरविले तरी पाहणाऱ्यास बदल जाणवत नाही. अशी ८ भ्रमणे आणि ८ अक्षांवरील ८ परावर्तने मिळून १६ कृती होतात. त्यांतील कोणत्याही दोन लागोपाठ केल्या, तरी त्या सोळांतलीच एक घडते. प्रत्येक कृती उलटवता येते. 'काहीच न करणे' हीसुद्धा येथे रीतसर कृती आहे. आळशांनी तिचा फार आधार घेऊ नये! क्रम मात्र सांभाळावा लागतो. विभक्तीच्या बळावर 'रामाने आंबा खाल्ला' हे वाक्य उलटसुलट केले तरी अर्थ टिकतो. येथे ४५ अंशांनी फिरवून मग उलटविणे आणि आधी उलटवून मग फिरविणे, यांची फळे भिन्न.

१८३२ मध्ये, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी द्वंद्वयुद्धात गेलेल्या गाल्वाने ही कल्पना समीकरणांसाठी योजिली. १८७२ मध्ये क्लाइनने भूमितीच तिच्यावर उभी केली.

बेळगावच्या किल्ल्यातील कमलबस्ती रट्टांच्या राजवटीतली, १२०४ च्या सुमाराची. तिच्या छतातील कमळाला ७२ पाकळ्या असून त्यांवर भूत, वर्तमान व भविष्य काळांतील प्रत्येकी २४ तीर्थंकरांची नावे आहेत, असे सांगतात. नुसता आकार पाहणाऱ्यास एक पाकळी दुसरीच्या जागी चालेल. नाव वाचणाऱ्यास चालणार नाही. नावे जमेस धरताच सगळी भ्रमणे गळतात आणि गटात एकटे 'काहीच न करणे' उरते. दगड तोच, काय टिकले पाहिजे असे आपण म्हणतो, त्यावर गट ठरतो.

हे सारे मराठीत सांगता आले. तरीही सममिती, परावर्तन, व्यस्त हे शब्द शाळेत आपलेसे केलेला निपाणीचा मुलगा एस.एस.एल.सी.नंतर विज्ञानशाखेत गेला, की ते उंबऱ्याबाहेर ठेवतो; आणि आपल्याला समजले होते हा विश्वासही पुष्कळदा तेथेच राहतो. मला खुपते ते हे दुसरे.

म्हणून विद्यार्थ्यांना एक काम. त्या आठ पाकळ्यांत एकाआड एक हळद आणि कुंकू भरा. सोळांपैकी आठच कृती टिकतील. कोणत्या आठ आणि का, हे उद्या वर्गात मराठीतून मोठ्याने सांगा.