परिषद महानगरात, रुग्ण देवळीत



वर्धा-यवतमाळ मार्गावरील देवळी हे तालुक्याचे गाव कापसासाठी, कुस्तीसाठी आणि मिरननाथ महाराजांच्या देवस्थानासाठी परिचित आहे. गांधीजी आणि विनोबा यांच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या या जिल्ह्यात अनेक वर्षांपासून दारूबंदी आहे. मात्र तालुक्याच्या कडेने वाहणारी वर्धा नदी ओलांडली की बंदीची हद्द संपते. पलीकडे परवान्याची दुकाने आहेत आणि अलीकडे मोहाची, गावठी दारू चोरून गाळली जाते. कायद्याने दुकान बंद झाले, हे चांगलेच झाले. परंतु ज्या गृहिणीच्या पतीचे हात सकाळी घोट मिळाल्याशिवाय चहाचा कप धरू शकत नाहीत, तिने त्याला घेऊन कोणाकडे जावे, या प्रश्नाचे उत्तर कायद्यात नाही. ते उत्तर व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्या जाणत्या कार्यकर्त्याजवळ असते. असा कार्यकर्ता घडतो कसा, आणि त्याच्या घडणीत या क्षेत्रातील परिषदांचे स्थान कोणते, याचा विचार म्हणूनच देवळीत बसून करणे अगत्याचे आहे.

व्यसनमुक्ती क्षेत्रातील मनोविकारतज्ज्ञ, समुपदेशक, परिचारिका, समाजसेवक यांच्या परिषदा देशात नियमाने भरतात. त्या बहुधा महानगरांत भरतात, इंग्रजीत चालतात आणि त्यांचे शुल्क लहान संस्थेला पेलणारे नसते. सामान्य कुटुंबाला वाटते, की विद्वानांनी विद्वानांसाठी केलेला तो एक सोहळा आहे. आपला त्याच्याशी काय संबंध? हा समज चुकीचा आहे, आणि तो दूर करण्याची जबाबदारी परिषदा भरविणाऱ्यांवरही आहे.

प्रथम प्रश्नाचा आकार पाहावा. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातील सुमारे १६ कोटी भारतीय मद्य घेतात आणि ५ कोटी ७० लाखांहून अधिक लोकांना मद्यामुळे उद्भवलेल्या समस्यांसाठी मदतीची गरज आहे. याच अहवालातील दुसरा आकडा अधिक अस्वस्थ करणारा आहे. मद्यावर अवलंबून झालेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणता तरी उपचार मिळतो, आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा १८० जणांत एकच असतो. उरलेल्यांचे काय होते? त्यांच्यावर घरात प्रयोग होतात.

हे प्रयोग बहुधा प्रेमापोटीच होतात आणि कधी कधी प्राणावर बेततात. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला घरच्यांनी खोलीत कोंडले आणि दारू एकाएकी तोडली, तर पहिल्या दोन दिवसांत त्याला झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होतो, नसलेली माणसे दिसू लागतात, अंग थरथरते, ताप चढतो. गावात याला बाहेरची बाधा समजतात. प्रत्यक्षात ती वैद्यकीय आणीबाणी असते आणि उपचाराविना मृत्यूही ओढवतो. अशा रुग्णाला सलाईनमधून ग्लुकोज देण्यापूर्वी ब१ जीवनसत्त्व द्यावे लागते, अन्यथा मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका वाढतो. ही एवढीशी गोष्ट ठाऊक असलेली परिचारिका एका संसाराचा आधार वाचवू शकते.

दुसरा प्रयोग गोळीचा. दारू सोडविणारी म्हणून दिली जाणारी डायसल्फिराम ही गोळी रुग्णाला न सांगता भाजीत किंवा कणकेत कालवली जाते. गोळी पोटात असताना त्याने दारू घेतली, तर ओकाऱ्या, धडधड आणि रक्तदाब कोसळणे यांमुळे त्याचा जीव धोक्यात येतो. हे औषध रुग्णाच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. तिसरा प्रकार अघोरी: व्यसनमुक्तीच्या नावाखाली साखळदंडाने बांधणे आणि मारहाण करणे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक विकाराच्या रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे, आणि दारू व अमली पदार्थांच्या सेवनातून उद्भवणारे मानसिक विकारही या कायद्याच्या कक्षेत येतात. या तिन्ही गोष्टी पाठ्यपुस्तकात आहेत. पण पुस्तक वाचून हात सरावत नाही. चूक झालेल्या प्रसंगाची सहकाऱ्यांसमोर मोकळेपणाने चर्चा होते तेव्हाच ज्ञान अंगी मुरते. परिषदेचे खरे प्रयोजन ते हेच.

या क्षेत्राचा इतिहासही संवादातूनच सुरू झालेला आहे. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन या शहरात एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक भेटले. दोघांनाही दारूने ग्रासलेले; दलालाने काही महिन्यांपूर्वीच ती सोडलेली, शल्यचिकित्सक मात्र अजून पीत असलेला. एकमेकांशी प्रांजळपणे बोलल्याने शल्यचिकित्सकाचीही दारू सुटली, दलाल पुन्हा तिच्याकडे वळला नाही आणि ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ची चळवळ जगभर पसरली. महाराष्ट्रात २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे राहिले. गर्दच्या व्यसनाने तरुण पिढी ग्रासली जात असताना डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते उभारले आणि पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी त्यासाठी साहाय्याचा हात पुढे केला. तेथील अनेक समुपदेशक हे स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले आहेत. रुग्णांच्या पत्नींसाठी तेथे ‘सहचरी’ हा स्वतंत्र गट चालतो, कारण व्यसन एकाला लागते आणि आजारी मात्र सारे घर होते. पुस्तकी विद्या आणि सोसलेला अनुभव एका पंगतीत बसले, की उपचाराला बळ येते, हा या कामातून मिळणारा धडा आहे.

वर्धा जिल्ह्याला असे कार्यकर्त्यांचे संमेलन नवे नाही. १९४७ साली वर्ध्यातच कुष्ठसेवकांची अखिल भारतीय परिषद भरली होती. त्या काळी कुष्ठरोग हे पूर्वजन्मीचे पाप मानले जाई. घरचे लोक रुग्णाला बाहेर काढत, गाव त्याच्या सावलीलाही भीत असे. त्यापूर्वीच सेवाग्रामच्या आश्रमात परचुरे शास्त्रींची शुश्रूषा गांधीजींनी स्वतः केली होती आणि मनोहरजी दिवाण यांनी दत्तपूरला कुष्ठधाम उभे केले होते. पुढे १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले. डॉ. वर्देकर यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार ही त्रिसूत्री आकाराला आली. रुग्ण येण्याची वाट न पाहता कार्यकर्ता घरोघरी जाई, गावाला समजावी आणि औषध रुग्णाच्या दारी नेई. कुष्ठरोगाकडे पाहण्याची देशाची दृष्टी बदलण्यात वर्ध्याच्या या भूमीचा वाटा मोठा आहे.

आज दारुड्याकडे समाज ज्या नजरेने पाहतो, ती नजर त्या काळच्या कुष्ठरुग्णाकडे पाहणाऱ्या नजरेहून फारशी वेगळी नाही. पहिला घोट हा माणसाचा दोष असेल; परंतु जडलेले व्यसन हा आजार आहे, आणि बऱ्या झालेल्या माणसाचा पाय पुन्हा घसरणे हे अनेकदा त्या आजाराचेच लक्षण असते. हे मान्य केले म्हणजे दारूबंदीचे महत्त्व उणावत नाही. बंदी नव्या पिढीला वाचविण्यासाठी असते, तर उपचार आधीच बुडालेल्याला काठावर आणतात. एका हाताने दार लावायचे आणि दुसऱ्या हाताने बुडणाऱ्याला धरायचे, अशी ही दुहेरी जबाबदारी आहे.

तेव्हा परिषदेनेच गावाकडे का येऊ नये? फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा-कळंब लोहमार्ग सुरू झाला आणि देवळी रेल्वेने जोडली गेली. सेवाग्राम आणि सावंगी येथील वैद्यकीय महाविद्यालये हाकेच्या अंतरावर आहेत. तालुक्यातील आशा सेविका, प्राथमिक आरोग्य केंद्रांचे डॉक्टर, पोलीस पाटील, शिक्षक, कीर्तनकार, व्यसनातून सुटलेले बांधव आणि त्यांच्या घरच्या माता-भगिनी यांची एक दिवसाची परिषद मराठीत, कमी खर्चात आणि सतरंजीवर बसून होऊ शकते. हारतुरे नकोत, प्रमाणपत्रांचे वाटप नको. सकाळी तज्ज्ञांनी धोक्याची लक्षणे सांगावीत, दुपारी कुटुंबीयांनी बोलावे आणि तज्ज्ञांनी ऐकावे. सायंकाळी केवळ तीन गोष्टी ठरवाव्यात: कोणत्या गावाची जबाबदारी कोणाची, रात्री-अपरात्री रुग्णाला न्यायचे कोठे, आणि उपचार घेऊन परतलेल्या माणसाच्या घरी पहिले वर्षभर कोणी जायचे. १४४४६ हा केंद्र शासनाचा निःशुल्क साहाय्य क्रमांक प्रत्येक चावडीवर लिहिला गेला, तरी त्या दिवसाचे काही फलित झाले असे म्हणता येईल.

विदर्भाच्या मातीला हे नवीन वाटू नये. गाडगेबाबांचे वडील दारूच्या व्यसनानेच गेले. त्या दुःखातून वाढलेल्या डेबूजीने पुढे आयुष्यभर गावोगाव कीर्तने केली. समोरच्या अडाणी माणसाला प्रश्न विचारायचे आणि त्याच्याच तोंडून उत्तर काढून घ्यायचे, ही बाबांची रीत. आधी हातात खराटा असे, मग मुखात उपदेश येई.

परिषदांनी हा क्रम पाळला, तर त्यांच्या यशाचे मोजमाप करणे अवघड नाही. किती निबंध वाचले गेले, किती पाहुणे आले, हे मोजण्याचे कारण नाही. परिषद आटोपून कार्यकर्ता गावी परतला, त्याने एका घराचे दार ठोठावले, आणि आतली माऊली लाज न बाळगता म्हणाली, “या भाऊ, बरे झाले आलात” — तर ती परिषद सफल झाली असे समजावे. असे दार देवळीत आहे, पुलगावात आहे, भिडीत आहे. ते ठोठावणारे हात सिद्ध करणे, हेच आज सर्वांपुढील कार्य आहे.