प्रयोगशाळेपासून रुग्णशय्येपर्यंत

(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



वर्षाचा जमाखर्च आपणांसमोर मांडून झाला आहे. आता जमाखर्चाच्या एका रकान्यात न मावणाऱ्या विषयावर थोडे बोलण्याची अनुमती घेतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रावर अधिकारवाणीने बोलणे मला शोभणार नाही. परंतु एखादे संशोधन रुग्णापर्यंत कसे पोहोचते आणि वाटेत कोठे अडते, हे हिशेबाच्या मेजावरूनही दिसते.

हृदयाच्या कृत्रिम झडपेचे उदाहरण घेऊ. बालपणी घशाला झालेल्या जंतुसंसर्गातून कधी कधी ऱ्हुमॅटिक ताप उद्भवतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या निकामी होतात. हा विकार प्रामुख्याने गरिबांच्या, दाटीवाटीच्या वस्त्यांत आढळतो. झडप बदलणे हा त्यावरील उपाय. परंतु एके काळी ती परदेशातूनच आणावी लागे आणि तिची किंमत याच रुग्णांच्या आवाक्याबाहेरची असे.

या प्रश्नाचे उत्तर तिरुअनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेने शोधले. त्रावणकोरच्या राजघराण्याने १९७३ मध्ये दान केलेल्या इमारतीपासून तिचा आरंभ झाला. १९८० मध्ये संसदेच्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा आणि पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. हृदयशल्यविशारद डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तेथे डॉक्टर आणि अभियंते एकाच संस्थेत, एकाच ध्येयासाठी कार्य करू लागले. झडपेला शल्यविशारदाचे ज्ञान हवे, तसेच धातूचे, प्लॅस्टिकचे, रक्तप्रवाहाचे आणि प्राण्यांवरील चाचण्यांचेही हवे. कोणा एका शाखेला हे एकटीने साधणारे नव्हते.

यश सहजासहजी लाभले नाही. पहिले तीन नमुने टाकून द्यावे लागले. एकात धातूचा जोड तुटला, दुसऱ्यात धातूची झीज प्रमाणाबाहेर झाली, तिसऱ्यात कृत्रिम नीलमण्याची तबकडी मेंढीच्या हृदयात भंगली. चौथ्या नमुन्यात कोबाल्टयुक्त मिश्रधातूचा सांगाडा आणि विशेष प्रकारच्या पॉलिएथिलीनची तबकडी वापरली गेली. ६ डिसेंबर १९९० रोजी ही झडप प्रथम मानवी हृदयात बसविण्यात आली. पुढे टीटीके या उद्योगसमूहाने तिचे उत्पादन हाती घेतले आणि आजवर एक लाखाहून अधिक झडपा बसविल्या गेल्या आहेत.

माझ्या सवयीप्रमाणे मी एक आकडेमोड केली. हृदय मिनिटाला ७२ वेळा स्पंदन पावते असे धरले, तर झडप वर्षाला सुमारे पावणेचार कोटी वेळा उघडते व मिटते. एवढा भार वर्षानुवर्षे सोसणाऱ्या वस्तूची कसोटी घाईने घेता येत नाही. ताळेबंदात ते तीन नमुने बुडीत खर्च दिसतील. वस्तुतः ते चौथ्या नमुन्याचे मोल होते. दोष रुग्णाच्या देहात नव्हे, त्याआधीच उघड झाले, ही त्या खर्चाची खरी जमा.

तथापि झडप बसली म्हणजे कार्य संपले, असे नाही. अशी झडप असलेल्या रुग्णास रक्त पातळ ठेवणारे औषध आजन्म घ्यावे लागते. मात्रा कमी पडली तर गुठळी होऊन झडप अडकते किंवा पक्षाघात ओढवतो. अधिक झाली तर रक्तस्राव होतो. म्हणून रक्त गोठण्याची तपासणी नियमितपणे करावी लागते. मोठ्या शहरात शस्त्रक्रिया करून आपल्या परिसरात परतलेले असे रुग्ण आपल्याकडे येतात. शेतीचा हंगाम, बुडणारी मजुरी, एस. टी.चे भाडे, यांपायी तपासणीची तारीख चुकते. आणि अनेक शास्त्रज्ञांच्या वर्षानुवर्षांच्या परिश्रमांचे फळ एका चुकलेल्या तारखेमुळे हातचे जाऊ शकते.

यास्तव विश्वस्त मंडळापुढे मी एक प्रस्ताव सविनय ठेवीत आहे. एक स्वतंत्र कायम निधी उभारावा आणि त्याच्या व्याजातून अशा रुग्णांची तपासणी व प्रवासखर्च भागवावा. तारखेला न आलेल्यांची विचारपूस करण्यासाठी एक समाजसेविका नेमावी. या देणगीतून इमारत उभी राहणार नाही, यंत्रही दिसणार नाही. नामफलक लावण्याजोगी भिंतही मी दाखवू शकणार नाही. दाखविता येईल ती केवळ तपासणीची नोंदवही.

रुग्णांच्या आप्तांनाही हात जोडून एकच विनंती आहे. डॉक्टरांना विचारल्यावाचून औषध बंद करू नका आणि तपासणीची तारीख चुकवू नका. पैशाची अडचण असल्यास ती आमच्या कार्यालयात निःसंकोचपणे सांगा.

संशोधकांनी आपला वाटा उचलला आहे, उद्योगाने आपला उचलला आहे. शेवटच्या टप्प्याचा भार आपण उचलावा, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.