उमाजी नाईक : शूर गडी, घरचा माणूस

(३ फेब्रुवारीला, उमाजी नाईकांच्या स्मृतिदिनी, कात्रजला सभा झाली. तिथल्या भाषणाचा हा मजकूर. गावच्या बैठकीत मोठ्याने वाचावा.)

बायांनो, भावांनो, साथींनो,

भोर, वेल्हे, मुळशीकडून तुम्ही इथपर्यंत आलात. हा कात्रजचा घाट. एका अंगाला सिंहगडाची रांग, दुसऱ्या अंगाला पुरंदरचा मुलूख, आणि घाट उतरला की भोरची वाट. उमाजींचं आयुष्य याच डोंगरांत गेलं.

त्यांचा जन्म १७९१ चा, पुरंदर भागातल्या भिवडी गावचा. समाज रामोशी. किल्ल्याची राखण आणि गावाची जागल हे काम, आणि त्याबद्दल वतन. १८१८ ला पेशवाई बुडाली, इंग्रजांचं राज्य आलं. किल्ल्यांवरच्या शिबंद्या मोडल्या, वतनांवर टाच आली. काल जो राखणदार होता तो सरकारी कागदावर चोर झाला. रामोशी आज आदिवासींच्या यादीत नाहीत, विमुक्तांच्या यादीत आहेत. पण गोष्ट आपलीच आहे. १८७८ चा जंगल कायदा आला आणि आपल्या बापजाद्यांचंही तेच झालं. काल जंगलाचे धनी, आज अतिक्रमणवाले.

उमाजी तुरुंगात गेले, तिथे लिहावाचायला शिकले. बाहेर येऊन माणसं जमवली. सावकारांना आणि सरकारी खजिन्यांना त्यांचा धाक बसला. फौज मागे लागली, बक्षिसं जाहीर झाली, पण डोंगरात माणूस काही सापडेना.

मग सरकारने काय केलं? त्यांची बायको, दोन मुलगे आणि एक मुलगी यांना धरून कैदेत टाकलं. आणि जो माणूस फौजेला वाकला नाही, तो शरण आला. सरकारने गुन्हे माफ केले, नोकरी दिली. १८२८-२९ मध्ये पुणे-सातारा भागात शांतता राखायचं काम त्यांच्याकडे होतं.

कोणी म्हणेल, नाईक इथे कमी पडले. मी तसं म्हणणार नाही. आपली पोरं कैदेत असताना ज्याला घास गोड लागतो, त्याच्या शौर्याचं आपण काय करायचं? माणूस लढतो तो कोणासाठी? चुलीसाठी, पोरांसाठी, त्यांच्या पायाखालच्या जमिनीसाठीच ना? आणि शरण आले म्हणून ते संपले नाहीत. पुन्हा उठले. १८३१ च्या जाहीरनाम्यात त्यांनी लोकांना सांगितलं, इंग्रजांची नोकरी सोडा, त्यांना सारा देऊ नका. त्यांचं बघून उत्तरेकडे अकोल्याच्या डोंगरातले महादेव कोळीही रामजी भांगऱ्यांच्या मागे उठले. रामजींचा मुलगा राघोजी. तोही लढला, १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला.

दुसऱ्या वेळी सरकारने दुसरा डाव टाकला. रोख रक्कम आणि जमीन देऊ केली. ज्या जमिनीपायी माणूस लढत होता, त्याच जमिनीचा तुकडा दाखवून त्याच्या जवळची माणसं फोडली. १५ डिसेंबर १८३१ ला भोरकडच्या उत्रोळीत उमाजी पकडले गेले. ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात फाशी झाली.

आता आपलं बघू. हत्यारं बदललीत, डाव तेच दोन आहेत. एक, घर धरा. दोन, माणूस फोडा. कार्यकर्त्यावर केस पडते, तो आत जातो, आणि फॉरेस्टवाला त्याच्या घरी जाऊन बाईला म्हणतो, नवऱ्याला समजाव, नाहीतर पीकही जाईल. तारखांना जाऊन जाऊन मजुरी बुडते, घरात दाणा उरत नाही. मग शेजारी येऊन म्हणतो, अंगठा दे, तुझ्यापुरता प्लॉट मिळवून देतो. उमाजींच्या वेळी बायको-मुलांच्या पाठीशी उभी राहील अशी गावोगावची संघटना नव्हती. आपल्याकडे ती आहे. मग तिने हे काम केलंच पाहिजे.

म्हणून आजच्या सभेत तीन गोष्टी ठरवू :

१) कोणी आत गेला तर त्याच्या घराला गाव पायली-पायली धान्य देईल, आणि त्याची पेरणी-कापणी सगळे मिळून करतील.

२) त्याच्या बाईला कचेरीत एकटी पाठवायचं नाही. निदान चार बाया सोबत जातील.

३) जमिनीबद्दल कोणाशीही एकट्याने बोलणं करायचं नाही. जे बोलायचं ते गावाच्या बैठकीत.

हार घालून उमाजींची आठवण राहायची नाही. आपल्या लढणाऱ्या माणसाला मागे वळून घराची काळजी करावी लागू नये, एवढं केलं तरी नाईकांचं ऋण थोडं फिटेल.

उमाजी नाईक अमर रहे!
जंगल-जमीन आमच्या हक्काची!