एकशे ब्याऐंशी दिवस

बंगळूरच्या मल्लेश्वरम् भागात काडु मल्लेश्वराचे जुने देवालय आहे. शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी या देवस्थानास एक गाव दान दिल्याची नोंद १६६९ सालच्या शिलालेखात आहे. गाव दान द्यावयाचे म्हणजे तेथला वसूल द्यावयाचा. त्या काळी हिशेब सरळ होता. जमीन जेथे, सारा तेथे. जमीन जागची हलत नाही. माणूस मात्र हलतो, आणि त्याच्याबरोबर त्याची कमाईही.

समजा, याच मल्लेश्वरातील एका मराठी घरातला मुलगा २० सप्टेंबरला नोकरीसाठी म्युनिकला गेला आणि ३१ मार्चपर्यंत परतला नाही. त्या आर्थिक वर्षात तो भारतात १८२ दिवसांहून कमी राहिला. कायद्याने तो अनिवासी. त्याचा जर्मनीतला पगार येथे करपात्र नाही. जाण्यापूर्वीच्या भारतातील पगाराचे विवरणपत्र मात्र त्याने भरावयाचे. आता तोच मुलगा एक महिना उशिरा, २० ऑक्टोबरला निघाला असे धरा. दिवस दोनशेच्या वर गेले. तो निवासी ठरला, आणि म्युनिकचा पगारही येथल्या विवरणात आला. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील हा निकष २०२५ च्या नव्या कायद्यानेही राखला आहे.

येथे वडील विचारतात, "अहो, त्याचा कर तर तिकडेच कापला गेला. आता पुन्हा कागद कशाला?" प्रश्न रास्त आहे. परंतु कर भरणे आणि हिशेब सांगणे ही दोन निराळी कर्तव्ये होत. एकाच उत्पन्नावर दोनदा भार पडू नये म्हणून भारत व जर्मनी यांच्यात १९९५ साली करार झाला. मुलाचे घरदार येथेच असेल, तर तिकडे भरलेल्या कराची वजावट त्यास येथे मिळू शकते. पण ती आपोआप मिळत नाही. पुराव्यासह मागावी लागते. त्यातही जर्मनीचे वर्ष जानेवारीत सुरू होते, आपले एप्रिलमध्ये. म्हणून पगारपत्रके महिनावार जपून ठेवणे इष्ट.

खरी फसगत होते ती परतल्यानंतर. तेथल्या बँकेतले खाते विस्मरणात जाते. सामान्य निवासी झालेल्या माणसाने असे खाते विवरणात दाखविलेच पाहिजे, मग त्यात व्याज जमा होवो अथवा न होवो. ते न दाखविल्यास २०१५ च्या कायद्यात दहा लाख रुपये दंडाची तरतूद आहे. स्थावर सोडून एकूण वीस लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेस ऑक्टोबर २०२४ पासून या दंडातून सूट मिळाली. नोंद करण्यातून मिळालेली नाही. अप्रामाणिकपणाने नव्हे, तर केवळ गैरसमजुतीने एखाद्या सरळ माणसावर नोटीस यावी, याचे वाईट वाटते.

म्हणून घरातील कोणी परदेशी निघाले की शिदोरीबरोबर एक वहीही द्यावी. गेल्याची तारीख, आल्याची तारीख, मिळालेला पगार, भरलेला कर आणि उघडलेली खाती तीत लिहावीत. राजाने केलेली नोंद दगडावर राहिली. आपली नोंद आपणच ठेवावयाची आहे.