पाठीतले पाणी आणि मनातली भीती
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात दिलेले व्याख्यान)



परमुलुखात घरचे माणूस आजारी पडले की वडीलधारी मंडळी दूर असतात आणि निर्णय आपल्यालाच, परक्या भाषेत, घ्यावा लागतो. अशा वेळी डॉक्टर "पाठीतले पाणी काढून तपासू" म्हणाले की आम्ही हबकतो. "त्याने पाय लुळे पडतात" ही ऐकीव समजूत संमतिपत्रावरची सही अडविते. आम्ही काही वैद्य नव्हे. परंतु ही भीती घालविण्यापुरते ज्ञान सर्वांस असावे, असे आम्हांस वाटते.

मेंदू व मज्जारज्जू यांभोवतीचा हा द्रव प्रौढ माणसात सुमारे १५० मिलिलिटर असतो. शरीर दररोज सुमारे ५०० मिलिलिटर नवा निर्माण करते. तपासणीपुरते काढलेले लवकरच भरून निघते. जर्मन वैद्य क्विंके यांनी १८९१ मध्ये रूढ केलेल्या या पद्धतीत सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली, कमरेच्या मणक्यांमध्ये घालतात. नंतर काही जणांचे डोके दुखते, हे खरे. मेंदूत गाठीची शंका असल्यास डॉक्टर आधी स्कॅन करवितात.

क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी कबुतरांच्या विष्ठेत आढळते व श्वासावाटे शरीरात शिरते. एचआयव्हीने किंवा दीर्घकाळच्या स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्यांच्या मेंदूच्या आवरणास ती ग्रासू शकते. ताप, आठवडेच्या आठवडे वाढत जाणारी डोकेदुखी, ही लक्षणे क्षयाच्या मेनिंजायटिसचीही असतात. औषधे मात्र सर्वस्वी भिन्न. क्षयाच्या गोळ्यांनी ही बुरशी मरत नाही. निवाडा करते ते हे पाणीच.

त्याच्या थेंबात इंडिया इंक ही काळी शाई मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बुरशीभोवतीच्या जाड कवचात शाई शिरत नाही, म्हणून काळ्या पार्श्वभूमीवर शुभ्र वलये दिसतात. बुरशी थोडी असल्यास शाई चकते. म्हणून तिच्या कवचातील द्रव्य ओळखणारी प्रतिजन-चाचणी करतात. पट्टीवरील अशी चाचणी काही मिनिटांत उत्तर देते. बुरशी वाढवून पाहण्यास मात्र दिवस लागतात.

आणखी एक गोष्ट ध्यानी असावी. या रोगात मेंदूभोवतीचा दाब वाढतो; तेव्हा डॉक्टर पाणी पुन्हा पुन्हा काढतात, ते केवळ तपासणीसाठी नव्हे. दाब उतरल्याने रुग्णाचे डोके हलके होते, दृष्टी आणि प्राणही वाचू शकतात. "आता पुन्हा कशाला?" असे म्हणून तेथे अडवणे घातक ठरते.

सही करण्यापूर्वी प्रश्न अवश्य विचारावेत. भीतीपोटी नकार देऊ नये. आणि शेजारच्या मराठी घरावर असा प्रसंग आला, तर मंडळाच्या सभासदाने व्हरांड्यात त्यांच्याजवळ उभे राहून डॉक्टरांचे म्हणणे मराठीत समजावून सांगावे, एवढीच आमची विनंती.